गार्सिया द ओर्ता : आपल्या मसाल्यांचा पहिला युरोपीय अभ्यासक

पणजी शहरात अमलोद्भव मातेच्या प्रसिद्ध चर्चजवळ एक जुने सार्वजनिक उद्यान आहे. ते गार्सिया द ओर्ता यांच्या नावाने ओळखले जाते. जुन्या गोव्याच्या यात्रेला जाताना आपल्यापैकी अनेक जण त्या उद्यानातील झाडांच्या सावलीत घटकाभर विसावले असतील. परंतु ज्यांच्या नावाने ही बाग आहे, त्यांच्या अस्थी ह्याच गोव्यात, मृत्यूनंतर बारा वर्षांनी थडग्यातून उकरून जाहीरपणे जाळण्यात आल्या होत्या, हे फार थोड्यांना ठाऊक असेल.

हे ओर्ता व्यवसायाने वैद्य होते. आपल्या स्वयंपाकघरातील हळद, हिंग, मिरी, लवंग, दालचिनी, आले यांची प्रत्यक्ष पाहून व पारखून नोंद करणारा पहिला मोठा युरोपीय ग्रंथ त्यांनी लिहिला. करोनाच्या साथीच्या काळात, म्हणजे २०२० व २०२१ साली, घरोघरी काढे उकळले जात होते आणि हळदीचे दूध प्यायले जात होते. मसाल्यांनी जंतू खरोखर मरतात काय, असा प्रश्न तेव्हा अनेकांनी आम्हांला विचारला. त्या प्रश्नाचे उत्तर शोधत असताना आम्ही ओर्तांच्या चरित्रापाशी येऊन पोहोचलो. ते चरित्र ख्रिस्तसभेच्या इतिहासातील एका दुःखद पानाशी जोडलेले आहे. ते पान वगळून ही कथा सांगणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

निर्वासितांचे कुटुंब

१४९२ साली स्पेनच्या राजाराणीने आपल्या राज्यातील सर्व ज्यूंना देश सोडून जाण्याचा आदेश दिला. हद्दपार झालेल्या असंख्य कुटुंबांपैकी एक ओर्तांचे होते. त्यांचे आईवडील सीमा ओलांडून पोर्तुगालमधील कास्तेलो द व्हिदे या डोंगराळ गावी स्थायिक झाले. परंतु तेथेही त्यांना फार काळ स्वस्थता लाभली नाही. १४९७ साली पोर्तुगालच्या राजाने तेथील ज्यूंना सक्तीने बाप्तिस्मा घ्यावयास लावला. अशा लोकांना ‘नवे ख्रिस्ती’ असे नाव पडले आणि त्यांच्याकडे पिढ्यान् पिढ्या संशयाने पाहिले जाऊ लागले. बाप्तिस्मा ही देवाची कृपा आहे. ती तलवारीच्या धाकाने देता येत नाही, हे आज ख्रिस्तसभा स्पष्टपणे शिकवते. त्या काळच्या सत्ताधीशांनी मात्र त्याचे भान ठेवले नाही.

अशा कुटुंबात १५०१च्या सुमारास गार्सिया यांचा जन्म झाला. वडील व्यापारी होते. त्यांनी मुलाला स्पेनमधील सालामांका व आल्काला या नामवंत विद्यापीठांत पाठवले. तेथे त्यांनी वैद्यकाचे शिक्षण घेतले. १५२३ साली मायदेशी परतल्यावर त्यांनी प्रथम आपल्या गावी आणि नंतर लिस्बन येथे रुग्णसेवा केली, तसेच लिस्बनच्या विद्यापीठात अध्यापनही केले. परंतु पोर्तुगालमध्ये इन्क्विझिशन, म्हणजे धर्ममतांची चौकशी करून शिक्षा देणारे न्यायालय, स्थापन होण्याची चिन्हे दिसू लागली होती. नव्या ख्रिस्ती लोकांच्या मनात धास्ती पसरली होती. १५३४च्या मार्च महिन्यात मार्तिं अफोंसो द सोझा या सेनानीचे आरमार हिंदुस्थानकडे निघाले. त्याच्यासोबत त्याचे वैद्य म्हणून ओर्ता निघाले आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये गोव्यास पोहोचले. पुन्हा त्यांनी पोर्तुगालची भूमी पाहिली नाही.

गोवा, अहमदनगर आणि मुंबई बेट

सुरुवातीची काही वर्षे ओर्ता सोझा यांच्याबरोबर मोहिमांवर फिरले. १५३४ सालीच गुजरातच्या सुलतान बहादूरशहाने वसई व तिच्या आसपासचा मुलूख तहाने पोर्तुगिजांना दिला होता. पुढे ओर्ता आपल्या ह्या वसई-साष्टीच्या परिसरात आले. येथील लेण्यांविषयी आणि येथील शेतकरी, माळी व अन्य समाजांविषयी त्यांनी आपल्या ग्रंथात लिहून ठेवले आहे. घारापुरीची लेणी पाहून ते विस्मित झाले होते.

१५३८ साली सोझा पोर्तुगालला परत गेले, ओर्ता मात्र गोव्यातच राहिले. गव्हर्नर व व्हाइसरॉय त्यांच्याकडून औषधोपचार घेत. दख्खनमध्ये बुऱ्हाण निजामशहा याच्या अहमदनगरच्या (आजचे अहिल्यानगर) दरबारातही त्यांना मानाने बोलावले जाई. तेथे त्यांची मुसलमान हकिमांशी चर्चा होई. निजामशहा त्यांना औषधांची व रोगांची अरबी नावे सांगे आणि ते त्याला लॅटिन नावे शिकवीत. धर्म व भाषा भिन्न असलेल्या ह्या दोघांची मैत्री रुग्णशय्येजवळ आणि औषधांच्या बोलण्यातून वाढली.

१५५४-५५च्या सुमारास मुंबईचे बेट ओर्तांना भाडेपट्ट्याने मिळाले. तेव्हा ते नारळी, आंबे व भातखाचरांनी भरलेले एक शांत बेट होते. गोव्याप्रमाणेच येथेही त्यांनी झाडे व औषधी वनस्पती जोपासल्या. आपल्या मुंबईतील एका आंब्याला वर्षातून दोनदा बहर येतो, हे त्यांनी मोठ्या कौतुकाने नोंदवले आहे.

त्यांचे खरे विद्यालय मात्र गोव्याचा बाजार होते. तेथे मोलुक्का बेटांतून लवंग येई, सिंहलद्वीपातून दालचिनी, मलबारातून मिरी आणि इराणच्या बाजूने हिंग. ओर्ता व्यापाऱ्यांना, खलाशांना, वैद्यांना आणि बागकाम करणाऱ्यांना विचारत. एका वस्तूचे नाव कोकणीत काय, अरबीत काय, मलबारात काय, हे ते टिपून ठेवत. आपली हळद त्यांच्या पानांत ‘आलद’ ह्या रूपाने आली आहे. मालुपा नावाच्या हिंदू वैद्याचा त्यांनी नावानिशी उल्लेख केला आहे. त्यांच्या घरातील आंतोनिया ही दासी बागेतून वनस्पती आणून देताना त्यांच्या पुस्तकात दिसते. ती गुलाम होती. गोव्यातील पोर्तुगीज घरांत तेव्हा गुलाम असत, आणि ओर्तांचे घरही त्याला अपवाद नव्हते, हेही येथे नमूद करणे आम्हांला आवश्यक वाटते.

संवादरूपी ग्रंथ

१५५६ साली गोव्यात पहिला छापखाना आला. १० एप्रिल १५६३ रोजी ओर्तांचा ग्रंथ गोव्यातच छापून प्रसिद्ध झाला. हिंदुस्थानातील औषधी वनस्पती व द्रव्ये यांवरील संवाद, असा त्याच्या लांबलचक पोर्तुगीज शीर्षकाचा आशय आहे. विद्वान मंडळी तेव्हा लॅटिनमध्ये लिहीत. ओर्तांनी लोकांची पोर्तुगीज भाषा निवडली. छपाईत चुका पुष्कळ राहिल्या. पोर्तुगालचे महाकवी लुईश द कामोंइश यांची छापून प्रसिद्ध झालेली पहिली कविता ह्याच ग्रंथाच्या आरंभी आहे.

ग्रंथात दोन वैद्य एकमेकांशी बोलतात. एक स्वतः ओर्ता आणि दुसरा रुआनो नावाचा काल्पनिक विद्वान. रुआनो नुकताच स्पेनहून आलेला आहे आणि त्याला प्राचीन ग्रीक व अरब ग्रंथकारांची मते तोंडपाठ आहेत. तो ग्रंथाचा दाखला देतो आणि ओर्ता त्याला बागेत व बाजारात काय दिसते ते सांगतात. स्पेनमध्ये असतो तर जुन्या आचार्यांविरुद्ध बोलण्याचे धाडस झाले नसते, अशी कबुलीही ओर्ता एके ठिकाणी देतात.

काळी मिरी आणि पिंपळी एकाच झाडावर येतात, ही जुनी समजूत त्यांनी खोडून काढली. दालचिनीविषयी युरोपात पक्ष्यांच्या घरट्यांच्या अद्भुत कथा सांगितल्या जात. ती एका झाडाची साल आहे, असे त्यांनी सांगितले. लवंग म्हणजे झाडाची वाळवलेली कळी, हेही स्पष्ट केले. त्यांच्याही चुका झाल्या. पांढरी मिरी व काळी मिरी यांच्या वेली वेगळ्या असतात, असे त्यांना वाटे; वस्तुतः दोन्ही एकाच वेलीची फळे होत.

हिंगाविषयी त्यांनी सांगितलेली एक हकिगत मनोरंजक आहे. विजयनगरच्या राज्यात एका पोर्तुगिजाकडे एक मौल्यवान घोडा होता. परंतु त्याला वायूचा विकार होता आणि म्हणून राजा तो विकत घेईना. मालकाने घोड्याला हिंग चारला, घोडा बरा झाला आणि राजाने तो चांगल्या किमतीस घेतला. ओर्तांना स्वतःला हिंगाचा वास मुळीच आवडत नसे. तरीही ह्या देशातील लोक तो भाजीत व औषधात किती विश्वासाने वापरतात, हे त्यांनी निःपक्षपातीपणे लिहिले. नावडत्या वस्तूचाही गुण मान्य करणे, हा चांगल्या संशोधकाचा स्वभाव होय.

मोडशी आणि पेज

ओर्तांच्या ग्रंथातील सर्वांत गंभीर पाने पटकीच्या आजारावर आहेत. १५४३ साली गोव्यात पटकीची भयंकर साथ आली होती. ह्या रोगाचे युरोपीय वैद्याने केलेले पहिले बारकाईचे वर्णन म्हणून ओर्तांच्या वर्णनाकडे पाहिले जाते. नाडी क्षीण होते, डोळे खोल जातात, हातापायांत गोळे येतात आणि रुग्ण अल्पावधीत दगावतो, हे त्यांनी पाहिले होते. ह्या रोगाचे स्थानिक नावही त्यांनी दिले आहे. ते नाव म्हणजे आपला मराठी-कोकणी ‘मोडशी’ हा शब्द. पोर्तुगीज तोंडी त्याचे ‘मोर्देशी’ झाले.

येथील वैद्य रुग्णाला मिरी व जिरे घातलेली तांदळाची पेज देत, असे ओर्ता नोंदवतात. ह्या उपचाराचा आज विचार केला तर काय दिसते? पटकी हा जिवाणूंमुळे होणारा रोग आहे, हे ओर्तांना ठाऊक असणे शक्य नव्हते. सूक्ष्मजंतूंचे जग लेव्हनहुक यांनी १६७०च्या दशकात प्रथम पाहिले आणि रॉबर्ट कॉख यांनी पटकीचा जिवाणू १८८३-८४ साली इजिप्त व कोलकाता येथे ओळखला. मिरी-जिऱ्याने तो जिवाणू रुग्णाच्या आतड्यात मरत नाही. पटकीत माणूस मरतो तो शरीरातील पाणी व क्षार निघून गेल्यामुळे. पेजेतून पाणी व पिष्ट मिळते. त्याच तत्त्वावर, योग्य प्रमाणात क्षार मिसळून, तांदळापासून केलेले जलसंजीवनीचे द्रावण विसाव्या शतकात उपयुक्त ठरले. म्हणजे उपचारात तथ्य होते, पण श्रेय मसाल्याचे नसून बहुधा पेजेचे होते.

मसाले जंतू मारतात काय?

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे वळू. मसाल्यांत जिवाणूंना रोखणारी द्रव्ये आहेत, हे प्रयोगशाळेत निःसंशय सिद्ध झाले आहे. वनस्पतीला पळून जाता येत नाही. कीड, बुरशी व जिवाणू यांपासून बचाव करण्यासाठी ती स्वतःच अशी द्रव्ये तयार करते. लवंगेतील युजेनॉल जिवाणूच्या पेशीचे पातळ आवरण बिघडवते. दंतवैद्य आजही युजेनॉलयुक्त मिश्रण वापरतात. दालचिनीतील सिनॅमल्डिहाइड आणि ओव्यातील थायमॉल ही अशीच द्रव्ये आहेत. लसणाच्या अख्ख्या पाकळीत अॅलिसिन नसते. पाकळी ठेचली की ते तयार होते आणि उष्णतेने लवकर नष्ट होते. ते १९४४ साली वेगळे करण्यात आले. हळदीतील कर्क्युमिन जिवाणूंना रोखते, परंतु पोटात घेतल्यावर त्याचा फारच थोडा अंश रक्तात उतरतो.

मात्र काचेच्या तबकडीवर जिवाणू मरणे आणि माणसाच्या शरीरातील रोग बरा होणे, ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. प्रयोगात वापरलेला अर्क तीव्र असतो. आमटीतील चिमूटभर हळद तेवढी तीव्र नसते.

उष्ण प्रदेशांतील लोक मसाले अधिक का खातात, ह्यावरही संशोधन झाले. १९९८ साली अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाच्या दोन संशोधकांनी ३६ देशांतील ४,५७८ पाककृती तपासल्या. उष्ण देशांत मांस लवकर नासते म्हणून तेथे जंतुनाशक मसाल्यांची परंपरा वाढली असावी, असा निष्कर्ष त्यांनी काढला. तो अनेक वर्षे सर्वत्र सांगितला गेला. परंतु २०२१ साली ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी ७० पाकपरंपरांतील ३३,७५० पाककृती तपासल्या आणि ह्या निष्कर्षाला पुरेसा आधार सापडत नाही, असे दाखवून दिले. विज्ञान असेच पुढे जाते. ओर्तांनी ज्या वृत्तीने प्राचीन आचार्यांना तपासले, त्याच वृत्तीने आजचे संशोधक कालच्या संशोधकांना तपासतात.

गृहिणींसाठी ह्यातून निघणारा बोध साधा आहे. विंदालू टिकतो तो मुख्यतः शिरक्याच्या आंबटपणामुळे. लसूण व मसाले त्याला साहाय्य करतात. नासलेले मटण मसाल्याने सुरक्षित होत नाही. मसाल्यातही जंतू असू शकतात. अस्वच्छ जागी वाळवलेल्या मिरीत साल्मोनेला हा विषबाधा करणारा जिवाणू आढळला आहे. म्हणून मे महिन्यात वर्षाचा मसाला करताना मिरच्या-धणे कडक उन्हात नीट वाळवणे आणि बाटल्या स्वच्छ व कोरड्या ठेवणे, ही आपल्या आजीबाईंची शिस्त योग्यच होती. घसा खवखवत असेल तर आल्याचा चहा खुशाल घ्यावा. परंतु न्यूमोनिया, क्षयरोग वा विषमज्वर यांवर काढा हा उपाय नव्हे. डॉक्टरांनी दिलेली प्रतिजैविके सांगितलेल्या मुदतीपर्यंत पूर्ण घ्यावीत.

थडगे उकरले गेले

ओर्तांच्या आयुष्याचा शेवट सांगणे आम्हांला जड जाते. लिस्बनमध्ये त्यांच्या बहिणींना इन्क्विझिशनने पकडले होते. सुटका झाल्यावर आई व बहिणी १५४९ साली गोव्यात त्यांच्या आश्रयाला आल्या. परंतु १५६० साली गोव्यातही इन्क्विझिशन स्थापन झाले. ओर्तांचे नाव, त्यांचा ग्रंथ आणि सत्ताधीशांशी असलेले संबंध यांमुळे ते हयात असेपर्यंत त्यांना कोणी हात लावला नाही. १५६८ साली त्यांचे निधन झाले.

त्यानंतर लगेच त्यांची बहीण कातारिना हिला अटक झाली. गुप्तपणे ज्यू धर्म पाळल्याच्या आरोपावरून तिला २५ ऑक्टोबर १५६९ रोजी गोव्यात जाळण्यात आले. चौकशीत नातलगांकडून ओर्तांविरुद्धही जबान्या मिळवण्यात आल्या. ते अंतःकरणाने कोणत्या धर्माचे होते, हे एक देवच जाणतो. बंदिवासातील भीतीपोटी दिलेल्या साक्षीवरून त्याचा निवाडा होऊ शकत नाही. तरीही ४ डिसेंबर १५८० रोजी त्यांच्या अस्थी थडग्यातून काढून जाळण्यात आल्या.

विलक्षण गोष्ट अशी की, तोवर त्यांचे ज्ञान युरोपभर पोहोचले होते. वनस्पतिशास्त्रज्ञ क्लुसियुस यांना त्यांचा ग्रंथ १५६४ साली लिस्बनमध्ये मिळाला आणि १५६७ साली त्यांनी अँटवर्प येथे त्याचा लॅटिन संक्षेप प्रसिद्ध केला. तो पुन्हा पुन्हा छापला गेला. गोव्यात अस्थी जळत होत्या तेव्हा युरोपातील वैद्य ओर्तांच्या आधाराने आपली औषधे पारखत होते. १९१३ साली त्याचा इंग्रजी अनुवाद झाला. आज पोर्तुगालमधील आल्मादा येथील एका मोठ्या इस्पितळाला त्यांचे नाव आहे.

गोव्यातील इन्क्विझिशन १८१२ साली कायमचे बंद झाले. १२ मार्च २००० रोजी, महाज्युबिली वर्षाच्या प्रायश्चित्तकाळात, पोप जॉन पॉल दुसरे यांनी रोममधील संत पेत्राच्या महामंदिरात ख्रिस्ती लोकांच्या गतकालीन पापांबद्दल देवाची क्षमा मागितली. सत्याच्या सेवेच्या नावाखाली वापरलेल्या असहिष्णू मार्गांबद्दलची कबुली त्या वेळी कार्डिनल रात्सिंगर यांनी वाचली. तेच पुढे पोप बेनेडिक्ट सोळावे झाले. ज्यू लोकांविरुद्ध घडलेल्या पापांचीही त्या दिवशी स्वतंत्रपणे कबुली देण्यात आली. त्या प्रार्थनेत ओर्तांचे वा कातारिनाचे नाव नव्हते. परंतु आमच्या मते ती दोघेही त्या प्रार्थनेत होती.

काही वाचक म्हणतील, की जुन्या जखमा कशाला उघडाव्यात? आमचे नम्र मत असे, की ओर्तांनी औषधांच्या बाबतीत जे केले, तेच आपण आपल्या इतिहासाच्या बाबतीत केले पाहिजे. केवळ जुने आहे म्हणून ते बरोबर मानू नये, आणि डोळ्यांसमोर दिसणारे सत्य नाकारू नये. वाचकहो, पुढच्या वेळी पणजीस गेलात तर चर्चमध्ये प्रार्थना करून झाल्यावर त्या उद्यानातही जरूर जा, आणि ह्या वैद्यासाठी व त्याच्या बहिणीसाठी एक प्रार्थना करा.